पाखराच्या डोळ्यातील होकायंत्र

सूरह मुल्क आपल्यापैकी अनेक घरांत रोज रात्री झोपण्यापूर्वी पठण केली जाते. तिच्या एकोणिसाव्या आयतीत अल्लाहने माणसाचे लक्ष त्याच्या डोक्यावरून पंख पसरीत व मिटीत जाणाऱ्या पक्ष्यांकडे वेधले आहे आणि त्यांना अधांतरी सावरणारा कोण, याचे स्मरण दिले आहे. ही आयत आपण शेकडो वेळा वाचली असेल. ती वाचून किती वेळा मान वर करून पाहिले, हे मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारावे. कुरआन जेव्हा माणसाला सृष्टीकडे पाहावयास सांगतो, तेव्हा नुसती नजर टाकणे त्याला अभिप्रेत नसते. निरखणे, विचार करणे आणि दिसणाऱ्या वस्तूवरून तिच्या निर्मात्यापर्यंत पोहोचणे, याला आपल्या विद्वानांनी तफक्कुर म्हटले आहे व त्याची गणना इबादतीत केली आहे.

ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांना त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ठाण्याच्या खाडीत दरवर्षी रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. २०१५ साली राज्य शासनाने या खाडीचा १,६९० हेक्टर भाग रोहित अभयारण्य म्हणून घोषित केला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथील सहा रोहित पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसविली. त्यांपैकी एकाला प्रसिद्ध पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या स्मरणार्थ 'हुमायून' असे नाव देण्यात आले.

परंतु या लेखात आपल्याला रोहितापेक्षा पुष्कळच लहान पाखराचा विचार करावयाचा आहे. डोंबिवलीजवळच्या भोपर परिसरातील पाणथळीत, खाडीकाठच्या लव्हाळ्यांत हिवाळ्यात एक चिमणीएवढा पाहुणा येतो. पक्षीनिरीक्षक त्याला ब्लूथ्रोट म्हणतात. नराचा गळा निळा असतो म्हणून आपण त्याला येथे नीलकंठी म्हणू. वजन जेमतेम वीस ग्रॅम. त्याची वीण होते ती सायबेरिया, मध्य आशिया आणि युरोपच्या उत्तर भागात. म्हणजे वाटेत पर्वत, वाळवंटे व परक्या माणसांची शहरे ओलांडून, हजारो किलोमीटरांचा प्रवास करून तो आपल्या वस्तीच्या मागच्या चिखलात उतरतो. तोही बहुतांशी रात्री! अशा लहान स्थलांतरी पक्ष्यांच्या अनेक जातींत पहिल्या वर्षाची पिल्ले आईबापांच्या सोबतीवाचून निघतात. त्यांना कोणी वाट दाखविलेली नसते. तरीही ती पोहोचतात.

येथे थोडे विषयांतर करून सलीम अली यांचे स्मरण करणे उचित होईल. मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढलेल्या या मुलाने लहानपणी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीसारखी ती दिसेना, तेव्हा ती खाणे हलाल ठरेल की नाही, असा प्रश्न त्याच्या मनात आला आणि तो मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मिलार्ड यांच्याकडे पाठविले. हलाल-हरामाच्या त्या बालसुलभ प्रश्नातून भारतातील पक्षीविज्ञानाचा सर्वांत मोठा अभ्यासक घडला. पुढे १९५९ पासून त्यांच्याच पुढाकाराने पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी अडकवून स्थलांतराचा माग काढण्याचे काम आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. पक्षी कोठून येतात व कोठे जातात, हे त्या कड्यांवरून समजू लागले. ते वाट कशी ओळखतात, हे मात्र कड्यांवरून समजणार नव्हते.

आज एवढे निश्चित ठाऊक आहे की, पक्षी एकाच खुणेवर विसंबून राहत नाहीत. दिवसा सूर्य आणि रात्री तारे त्यांना उपयोगी पडतात. सूरह अनआममध्ये जमिनीवरील व समुद्रावरील अंधारात वाट सापडावी म्हणून तारे निर्माण केल्याचा उल्लेख आहे. ही सोय माणसापुरती मर्यादित राहिलेली नाही, असे म्हणावयास हरकत नसावी. पण आकाश ढगांनी भरलेले असले तरीही पक्षी दिशा चुकत नाहीत. तेव्हा ते पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेतात.

पृथ्वीचे चुंबकत्व किती क्षीण आहे, हे आपण नकळत अनुभवलेले असते. नव्या घरात राहावयास गेल्यावर किब्ल्याची दिशा ठरविण्यासाठी आपण मोबाइलमधील होकायंत्र उघडतो आणि लोखंडी कपाटाजवळ किंवा लिफ्टच्या भिंतीजवळ उभे राहिलो की काटा भलतीकडेच फिरतो. घरातील एक लोखंडी वस्तू पृथ्वीच्या चुंबकत्वावर मात करते! शास्त्रीय भाषेत सांगावयाचे तर पृथ्वीच्या पृष्ठभागावर या क्षेत्राची तीव्रता २५ ते ६५ मायक्रोटेस्ला इतकी असते. फ्रिजच्या दारावर चिकटविण्याचे छोटेसे चुंबकही जवळून याच्या सुमारे शंभरपट भरते.

१९६० च्या दशकात जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे वोल्फगांग विल्चको यांनी रॉबिन नावाच्या युरोपीय पक्ष्यावर प्रयोग केले. (हा रॉबिन म्हणजे आपल्या अंगणात शीळ घालणारा दयाळ नव्हे, मात्र तो, दयाळ आणि आपला नीलकंठी हे एकाच कुळातील आहेत.) स्थलांतराच्या मोसमात पिंजऱ्यातील पक्षी रात्री अस्वस्थ होतो व ज्या दिशेला जावयाचे त्या बाजूला उड्या मारतो. विल्चकोंनी बंद खोलीत, आकाश दिसू न देता, तारांच्या वेटोळ्यांनी चुंबकीय उत्तर दिशा फिरविली. पक्ष्यांनीही आपली दिशा तेवढीच फिरविली. पाखराला चुंबकत्व कळते, हे सिद्ध झाले.

पण हे होकायंत्र आपल्या होकायंत्रासारखे नव्हते. १९७२ साली असे दिसून आले की, पक्षी उत्तर व दक्षिण यांत भेद करीत नाही. चुंबकीय रेषा जमिनीकडे कोणत्या बाजूला झुकली आहे, तेवढेच तो ओळखतो. पुढे आणखी एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. निळ्या-हिरव्या उजेडात पाखराला दिशा कळते, आणि तांबड्या उजेडात ते गोंधळते. काट्याला उजेडाशी काय कर्तव्य? आपल्या खिशातील होकायंत्र अंधारातही चालते. याचा अर्थ पाखराचे होकायंत्र कोठेतरी त्याच्या दृष्टीशी जोडलेले असले पाहिजे.

येथे एक मोठी अडचण उभी राहिली. सजीवाच्या उबदार शरीरातील प्रत्येक रेणू उष्णतेमुळे सतत थरथरत असतो. पृथ्वीचे चुंबकत्व एका रेणूवर जो परिणाम करू शकते, त्यापेक्षा या थरथरीची ऊर्जा लक्षावधी पटींनी अधिक असते. बाजारपेठेच्या गलबल्यात कोणी कानात कुजबुजावे आणि ते ऐकू यावे, त्यातलाच हा प्रकार. मग पाखराला ते ऐकू येते कसे?

याचे उत्तर १९७८ साली क्लाउस शुल्टेन या शास्त्रज्ञाने सुचविले, आणि येथेच क्वांटम भौतिकी सजीवांच्या दारात येते. क्वांटम भौतिकी म्हणजे अणू, इलेक्ट्रॉन, प्रकाशकण अशा अतिसूक्ष्म वस्तूंचे शास्त्र. या वस्तू आपल्या रोजच्या अनुभवातील वस्तूंप्रमाणे वागत नाहीत. इलेक्ट्रॉनला 'स्पिन' नावाचा एक गुण असतो; त्याच्यामुळे इलेक्ट्रॉन एखाद्या अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो. रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन सामान्यतः जोडीने असतात. प्रकाशाच्या धक्क्याने जोडीतील एक इलेक्ट्रॉन शेजारी फेकला गेला, तरी काही काळ त्या दोघांचे स्पिन परस्परांशी बांधलेले राहतात आणि दोन अवस्थांमध्ये सेकंदाला लक्षावधी वेळा हेलकावे खातात. त्यांतून शेवटी कोणती रासायनिक क्रिया घडावी, हे या हेलकाव्यांवर अवलंबून असते. आणि या हेलकाव्यांवर पृथ्वीच्या चुंबकत्वाचा परिणाम होतो.

कोकणातील कौलारू घराचे उदाहरण घ्या. वाऱ्याची हलकी झुळूक त्या घराचे एक कौलही हलवू शकत नाही. पण पावसाचा थेंब नेमका आढ्यावर पडत असेल, तर तो अंगणाच्या उतारावर जाईल की परसाच्या, हे तीच झुळूक ठरविते. आणि असे हजारो थेंब पडले, तर अंगणात किती पाणी साचले व परसात किती, यावरून वारा कोणत्या बाजूचा आहे हे घरात बसून सांगता येईल. पाखराच्या शरीरात इलेक्ट्रॉनांची जोडी त्या आढ्यावरच्या थेंबासारखी असते, असे या विचाराचे सार आहे. उष्णतेची थरथर सर्वत्र असली, तरी स्पिनपर्यंत ती फारशी पोहोचत नाही. म्हणून ती कुजबुज ऐकू येऊ शकते.

२००० साली थॉर्स्टन रिट्झ, शुल्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने सुचविले की, ही क्रिया पक्ष्याच्या डोळ्यातील क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनात घडत असावी. हे प्रथिन निळा प्रकाश शोषते, त्यामुळे उजेडाचे कोडेही सुटण्यासारखे होते. २००४ मध्ये रेडिओ लहरींच्या अतिशय क्षीण क्षेत्राने रॉबिनची दिशा बिघडते, असे दाखविण्यात आले. लोखंडाच्या काट्यावर अशा लहरींचा काही परिणाम होत नाही. आणि २०२१ साली ऑक्सफर्डचे पीटर होर व ओल्डेनबर्गचे हेन्रिक मौरित्सेन यांच्या गटांनी रॉबिनचे क्रिप्टोक्रोम ४ हे प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून तपासले. ते चुंबकत्वाला प्रतिसाद देते, आणि स्थलांतर न करणाऱ्या कोंबडीच्या व कबुतराच्या तशाच प्रथिनापेक्षा अधिक देते, असे आढळले.

सुबहानल्लाह! आपले शास्त्रज्ञ नाजूक क्वांटम परिणाम टिकवून धरण्यासाठी पुष्कळदा यंत्रे निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड करतात. येथे वीस ग्रॅमच्या ओल्या, उबदार, धडधडत्या देहात, चिमुकल्या डोळ्यात हे काम चालले असल्याची चिन्हे आहेत.

मात्र वाचकहो, या शेवटच्या वाक्यातील 'चिन्हे' हा शब्द आपण घाईने ओलांडू नये. २०२१ चा प्रयोग काचेच्या नळीतील प्रथिनावर झाला, जिवंत डोळ्यात नव्हे. प्रथिनापासून मेंदूपर्यंतची साखळी अद्याप पूर्ण जोडली गेलेली नाही. शरीरातील लोहकणांवर आधारलेली दुसरी कल्पनाही शास्त्रज्ञांपुढे आहे. पुरावा बळकट आहे, पण निकाल लागलेला नाही.

याउलट काही गोष्टींचा निकाल लागलेला आहे आणि त्या आपल्या स्वतःच्या देहात घडतात. मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना पारसिकचा बोगदा परिचित आहे. १८५४ साली कल्याणपर्यंत गेलेली जुनी वाट डोंगराला वळसा घालून खाडीच्या कडेने मुंब्र्यावरून जाते; १९१६ मध्ये खुला झालेला सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा मात्र डोंगराच्या पोटातून सरळ पलीकडे पोहोचवितो. सूक्ष्म जगात इलेक्ट्रॉन अशाच रीतीने ऊर्जेच्या डोंगराच्या पलीकडे निघतो. फरक इतकाच की तेथे कोणी बोगदा खणलेला नसतो आणि डोंगरही जसाच्या तसा राहतो. याला क्वांटम टनेलिंग म्हणतात. १९६६ साली डेव्हॉल्ट व चान्स या शास्त्रज्ञांनी एका जीवाणूतील इलेक्ट्रॉनांच्या हालचालीचा वेग मोजला. थंडी वाढेल तसा रासायनिक क्रियेचा वेग मंदावतो, हा नेहमीचा नियम. पण सुमारे उणे १७० अंश सेल्सिअसच्या खाली तो वेग कमी होईना. डोंगर चढून जाणाऱ्याला उष्णतेचे बळ लागते, पोटातून जाणाऱ्याला लागत नाही. १९८९ मध्ये ज्युडिथ क्लिनमन यांच्या गटाने एका एन्झाइममध्ये इलेक्ट्रॉनपेक्षा कितीतरी जड असलेला हायड्रोजनही असाच पलीकडे जातो, हे दाखवून दिले.

रमजानमध्ये आपण खजुराने रोजा सोडतो. त्या खजुरातील साखरेपासून निघालेले इलेक्ट्रॉन आपल्या पेशींतील तंतुकणिकांमध्ये एका लोहयुक्त थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जातात आणि अखेरीस आपण श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. दोन थांब्यांमधील अंतर एखाद्या नॅनोमीटरच्या आसपास असते व ते पार होते ते याच टनेलिंगने. मगरिबच्या अजानबरोबर अंगात जी तरतरी परतते, तिच्या मुळाशी हा व्यवहार आहे. माणसाने आपल्याच अस्तित्वातील निशाण्या पाहाव्यात, असे सूरह जारियातमध्ये सुचविले आहे. श्वास घेणाऱ्याला याहून जवळची निशाणी कोणती सापडणार?

तिसरे उदाहरण अपयशाचे आहे, आणि मला ते सर्वांत उद्बोधक वाटते. २००७ साली अमेरिकेतील बर्कले येथे ग्रॅहम फ्लेमिंग यांच्या गटाने एका प्रकाशसंश्लेषी जीवाणूचे प्रथिन उणे १९६ अंशांपर्यंत थंड करून त्यावर लेसरचे झोत टाकले. त्यांना दीर्घकाळ टिकणारे हेलकावे दिसले. त्यांवरून असा निष्कर्ष काढण्यात आला की, प्रकाशाची ऊर्जा क्वांटम लहरीच्या रूपाने एकाच वेळी अनेक वाटा चाचपडते व सर्वांत सोयीची वाट निवडते. जगभर गाजावाजा झाला. हिरवे पान म्हणजे क्वांटम संगणकच, असे लिहिले गेले. त्यानंतर इतरांनी तेच प्रयोग अधिक काटेकोरपणे केले आणि ते हेलकावे मुख्यतः रेणूंच्या कंपनांचे आहेत, तो क्वांटम परिणाम एवढा वेळ टिकत नाही, असे दिसून आले. २०२० मध्ये अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेल्या आढाव्यात ही गोष्ट स्पष्टपणे मान्य करण्यात आली.

आता कल्पना करा, एखाद्या वक्त्याने २००८ साली व्यासपीठावरून सांगितले असते की, अमुक आयतीत पानातील याच क्वांटम संगणकाचा उल्लेख आहे आणि विज्ञानाने तो आज सिद्ध केला. ऐकणारा तरुण भारावून गेला असता. तोच तरुण पुढे महाविद्यालयात गेल्यावर ती कल्पना मागे घेतली गेल्याचे वाचतो, तेव्हा त्याच्या मनात काय मोडते? प्रयोग तर मोडलाच आहे; त्याच्यासोबत आयतही मोडली, असे त्याला वाटू लागते. आयत मोडलेली नसते. तिच्या गळ्यात बांधलेले कच्चे ज्ञान मोडलेले असते. पण ते बांधणारे आपणच असतो.

ही भीती काल्पनिक नाही. मोबाइलवर रोज असे संदेश येतात. कोठे दोन दूरस्थ कणांच्या परस्परबंधनावरून तकदीर सिद्ध केलेली असते, तर कोठे झमझमच्या पाण्याच्या रेणूंवर झालेल्या कोणत्या तरी क्वांटम प्रयोगाचा दाखला असतो. झमझमची महती आपल्याला हदीसवरून माहीत आहे. तिला अज्ञात प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज कधीपासून लागू लागली?

अशा प्रसंगी आपल्यापुढे प्रेषित मुहम्मद (स.) यांचा एक प्रसंग असावा, जो बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंदलेला आहे. प्रेषितांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहीम यांचे मदिनेत निधन झाले. नेमक्या त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या मृत्यूच्या शोकाने सूर्य काळवंडला. विचार करा, ही केवढी संधी होती! लोकांची श्रद्धा वाढत होती, विरोधकांची तोंडे बंद होण्यासारखी होती आणि प्रेषितांना (स.) काही बोलावेही लागले नसते, नुसते गप्प राहणे पुरेसे होते. पण पुत्रशोकाच्या त्या घटकेतही त्यांनी लोकांना सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. ग्रहण पाहाल तेव्हा नमाज पढा व अल्लाहचे स्मरण करा, असा आदेश दिला.

या प्रसंगात ग्रहण ही निशाणी आहे, हे नाकारलेले नाही. नाकारलेला आहे तो त्या निशाणीला चिकटविलेला खोटा अर्थ, जरी तो अर्थ आपल्या बाजूचा होता. ज्याच्या धर्माची उभारणी या उदाहरणावर झाली आहे, त्याने न तपासलेला संदेश 'विज्ञानाने सिद्ध केले' अशा मथळ्याखाली पुढे पाठवावा, हे कसे शोभेल? ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नये, कान, डोळे व हृदय यांबाबत जाब विचारला जाणार आहे, ही सूरह बनी इस्राईलमधील ताकीद विज्ञानविषयक संदेशांना लागू नाही, असे कोठेही म्हटलेले नाही.

या शब्दाचा बाजारही मांडला गेला आहे. हातात धातूची दांडी धरावयास देऊन मिनिटभरात यकृतापासून गुडघ्यापर्यंत सर्व अवयवांचा छापील अहवाल देणारी 'क्वांटम' यंत्रे गल्लोगल्ली फिरतात. 'क्वांटम' लोलक, 'क्वांटम' पाणी, 'क्वांटम' उपचार. ५जी लहरींपासून रक्षण करणारे म्हणून विकलेले गळ्यातील अलंकार २०२१ च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्सच्या सरकारी यंत्रणेने तपासले, तेव्हा त्यांतील काही चक्क किरणोत्सारी निघाले! रॉबिनच्या डोळ्यातील स्पिनचा या दांडीशी काहीही संबंध नाही. टनेलिंग आपल्या पेशीत घडते हे खरे. पण म्हणून ते विकत आणलेल्या लोलकाने वाढत नाही. घरातील मधुमेही वडिलांनी किंवा गाठ आलेल्या आईने अशा अहवालावर विसंबून रुग्णालयात जाणे सहा महिने लांबविले, तर त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागते. आजारावर उपचार घ्यावा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. देह ही अमानत आहे आणि तिच्या तपासणीचे काम जाणकारांकडे सोपविणे हा त्या अमानतीचा भाग आहे.

काही सज्जनांना उलट भीती वाटते. पाखराला रेणूंमुळे दिशा कळते असे मान्य केले, तर अल्लाह दाखवितो असे कसे म्हणावे? ही भीती अनाठायी आहे. शेतात बी, पाणी आणि ऊन यांमुळे धान्य उगवते, हे आपण जाणतो आणि तरीही जेवणापूर्वी बिस्मिल्लाह म्हणतो. साधन समजल्याने साधन देणारा दूर जात नाही. जेथे विज्ञानाला उत्तर सापडत नाही तेवढ्याच फटीत अल्लाहला शोधणारा माणूस प्रत्येक नव्या शोधाने घाबरणार. ज्याने नियमालाच त्याची व्यवस्था मानले, त्याला घाबरण्याचे कारण उरत नाही. बसऱ्यात जन्मलेल्या व कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी प्रकाशावर प्रयोग केले आणि टॉलेमीसारख्या सर्वमान्य पंडिताविषयीच्या शंकांचा एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शंका घेणे त्यांना ईमानाच्या विरुद्ध वाटले नाही.

पडताळणी म्हणजे काय, याचे एक अलीकडचे उदाहरण सांगतो. ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या आवारात ठेवलेल्या रॉबिनना दिशा कळेनाशी झाली. खाण्यात दोष नाही, पिंजऱ्यात नाही, उजेडात नाही. शेवटी संशोधकांनी लाकडी खोल्यांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे लावले व ते तारेने जमिनीशी जोडले, जेणेकरून शहरातील रेडिओ गोंगाट आत येऊ नये. पाखरांना लगेच दिशा सापडली. तार काढली की पुन्हा गोंधळ. हे प्रयोग अनेक वर्षे, वेगवेगळ्या विद्यार्थ्यांकडून आणि तार जोडली आहे की नाही हे निरीक्षकाला कळू न देता करण्यात आले; मगच २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केले गेले. हा गोंगाट ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील होता, म्हणजे मिडियम वेव्ह रेडिओच्या आसपासचा. मोबाइलच्या लहरी याच्या शेकडो पट वरच्या आहेत. म्हणून 'मोबाइल टॉवरमुळे चिमण्या नाहीशा झाल्या' हे विधान या प्रयोगावरून करता येत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

या जर्मन प्रयोगाला आपल्या किनाऱ्यावरचे एक जुने नाते आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेतली जात असे. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्या वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या लक्षात आले की, विजेच्या प्रवाहांनी या नोंदी बिघडतील. तेव्हा १९०४ साली खाडीपलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. तिची इमारत पोरबंदरी दगडाची, बांधकामात लोखंड वर्ज्य, बिजागऱ्या व खिळे पितळ-तांब्याचे. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या पडताळून पाहिल्या आणि मगच कुलाब्याचे काम थांबविले. ट्रामचा उपद्रव आणि ओल्डेनबर्गचा रेडिओ गोंगाट या वेगळ्या गोष्टी आहेत; पण दोन्हीकडे नाजूक यंत्राला शहर सोसले नाही. मूस यांनी आपले यंत्र अलिबागला हलविले. नीलकंठीला आपला डोळा कोठे हलविता येणार? त्याला उतरण्यासाठी ठाणे-डोंबिवलीतील उरलेली पाणथळ लागते, आणि तिच्यावर रात्री भराव टाकणाऱ्या ट्रकांतून आपल्याही इमारतींचा राडारोडा वाहिला जातो.

ज्यांना हे पाखरू मुलांना दाखवावयाचे असेल, त्यांनी थंडीच्या दिवसांत फजरच्या नमाजनंतर लव्हाळ्याच्या कडेला शांतपणे उभे राहावे. ते उंच फांदीवर बसत नाही. चिखलावरून तुरुतुरु धावते, थांबते, शेपटी उडविते. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना तांबूस ठिपका दिसेल, भुवई पांढरी दिसेल. नर समोर वळला तर निळा गळा आणि त्याच्या मधोमध विटकरी डाग. जवळ जाऊ नये, दगड तर मुळीच मारू नये. मार्च-एप्रिलमध्ये एके रात्री, बहुधा इशाच्या नमाजनंतर आपण घरी परतत असताना, ते उत्तरेकडे निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लव्हाळ्यात फक्त वारा असतो.